म्हातारीचा एसी, भाग 7: काटा हलला नाही, तिथेच फसलो

मंडळी, मागच्या भागात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की म्हातारीच्या, म्हणजे माझ्या वीस वर्षांच्या गाडीच्या, एसीचा गॅस डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधूनच गळतोय. ते शब्द मागे घेतो. कॉइल निर्दोष निघाली. तिच्यापायी अख्खा डॅशबोर्ड उतरवला, तो गेले नऊ दिवस हॉलमध्ये दिवाणावर आडवा पडलाय आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याची विचारपूस करतो.

दुखणं तुम्हाला पाठ आहेच. गॅस भरला की पाच-सहा आठवडे झकास गारवा, मग हळूहळू कोमट, मग नुसता पंखा. दोन उन्हाळ्यांत 450 ग्रॅमचे तीन कॅन हवेत गेले. शंभर वर्षांच्या तापमानवाढीच्या हिशेबाने 1 किलो आर-134ए (हाच तो एसीचा गॅस) म्हणजे सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ठाण्याच्या आकाशात मी एकट्याने जवळजवळ दोन टनांची भर घातली. तेव्हाच ठरवलं होतं की गळती सापडेपर्यंत चौथा कॅन फोडायचा नाही.

कॉइलवर संशय का गेला होता, तेही सांगतो. कारणं दोन. पहिलं, डिटेक्टर कॉइलच्या ड्रेन पाइपपाशी केकाटला. दुसरं, कॉइल काढून फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दोन्ही पाइपांना डमी, म्हणजे बंद करणारी बुचं, लावली, इंजिनच्या बाजूचं सगळं सर्किट 150 पीएसआय (दाबाचं माप) नायट्रोजनवर ठेवलं, आणि सकाळी सहा ते दुपारी दोन, आठ तासांत डिजिटल गेज एका आकड्यानेही हललं नाही. 150 चे 150. मग उरलं काय? कॉइल. सरळ गणित. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन नवी कॉइल घेऊन आलो. बिलावर ठसठशीत छापलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

नवी बसवण्याआधी जुनीची चूक डोळ्यांनी बघावी म्हणून तिची दोन्ही तोंडं बंद केली, 150 पीएसआय भरला आणि बाथरूममधल्या टबात बुडवली. तासभर स्टुलावर बसून होतो. एक बुडबुडा आला नाही. बायको दारातून म्हणाली, "मासे लागतायत का?"

म्हणजे इंजिनची बाजू घट्ट, कॉइलही घट्ट, आणि गॅस मात्र जातोय. दोन रात्री झोप नाही. फायरवॉलच्या जोडावरच्या रबरी रिंगांवर संशय आला, पण त्या मी भाग 5 मध्येच बदलल्या होत्या. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीतून हिरव्या, एचएनबीआर नावाच्या खास रबराच्या, आणल्या होत्या. (नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका. एका दुकानात साध्या रबराच्या रिंगाही हिरव्या मिळाल्या. "एसीला, 134 आणि पॅग ऑइलला (कॉम्प्रेसरचं तेल) चालणारी" असं स्पष्ट विचारा, आणि दुकानदार क्षणभरही अडखळला तर पुढच्या दुकानात जा.)

डिटेक्टरचा उलगडा आधी झाला, आणि तो लाजिरवाणा आहे. माझा डिटेक्टर स्वस्तातला, कोरोना जातीचा (विजेच्या डिस्चार्जवर चालणारा). गॅस असो, सेंट असो, टायर पॉलिश असो, सगळ्यांना सारखाच भुंकतो. केकाटला त्याच्या दोन दिवस आधी मीच ड्रेनमधून कॉइल क्लीनरचा फेस मारला होता. तुमच्याकडेही तसलाच असेल तर तो फक्त शंका घ्यायला वापरा, निकाल त्याच्यावर सोडू नका. आणि नळी नेहमी जोडाच्या खालून फिरवा, 134 हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे, तो खालीच उतरतो.

उरली नायट्रोजनची टेस्ट. ती कशी खोटी ठरेल? तिसऱ्या दिवशी पहाटे वहीत जुने आकडे चाळताना बाजूच्या रकान्यात माझंच अक्षर दिसलं: स. 6, 27 अंश, दु. 2, 35 अंश. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

बंद भांड्यातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो, हे आपण नववी-दहावीत शिकलो आणि पेपर देऊन विसरलो. गेजवरचे 150 म्हणजे वातावरणाचा दाब धरून 164.7. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं: 27 अंश म्हणजे 300, 35 अंश म्हणजे 308. आता 164.7 गुणिले 308 भागिले 300, झाले 169.1. त्यातून 14.7 वजा केले की 154.4. म्हणजे गळती नसती तर दुपारी गेजने 154 दाखवायला हवे होते! मी 150 बघून नाचत होतो. उन्हाने जेवढं चढवलं तेवढंच भोकाने उतरवलं, आणि दोघांनी मिळून मला नऊ दिवस डॅशबोर्डाशेजारी जेवायला बसवलं.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारणार होतो. पण भाग 6 वाचून तुम्हीही सगळ्यांनी लाइकचे अंगठेच दिले होते, तेव्हा फिटंफाट.

त्याच सकाळी पुन्हा 150 भरला. बाकी गाडी चार वेळा साबणाच्या पाण्याने धुऊन झाली होती, फक्त एक जागा राहिली होती: बॅटरीच्या ट्रेमागून फायरवॉलकडे जाणारा बारका लिक्विड पाइप. तिथे हात जात नाही, नजर तर नाहीच. यूव्ही डाय (निळ्या टॉर्चखाली चमकणारा रंग) घालूनही तिथे काही दिसलं नव्हतं, कारण टॉर्चचा उजेडच पोचत नव्हता. बॅटरी काढली, ट्रे काढला. पाइपला बॉडीशी धरून ठेवणारी एक पत्र्याची पट्टी आहे, आत रबर असलेली. रबर कधीच झिजून गेलेलं. भांड्याच्या साबणात थोडं ग्लिसरीन घालून ब्रशने पट्टीभोवती लावलं, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा धरला आणि थांबलो.

पाच मिनिटं काही नाही. बुडबुडा फुगून फुटेल अशी वाट बघत होतो, तसं झालंच नाही. दहाव्या-बाराव्या मिनिटाला पट्टीच्या खालच्या काठावर पांढरी रेघ दिसली, शिळ्या भाकरीवर बुरशी धरते तशी. पुसली. पुन्हा आली, त्याच जागी. मी पार्किंगमध्ये एकटाच "सापडली!" म्हणून ओरडलो. वॉचमनला वाटलं कोणाची चावी हरवली होती.

पट्टी सोडवली तेव्हा पाइपवर पांढऱ्या भुकटीचं कडं होतं. अॅल्युमिनियमचा पाइप, लोखंडाची पट्टी, मधलं रबर गेलेलं, वर पावसाळ्याची ओल, वीस वर्षं बॅटरीच्या ॲसिडची वाफ, आणि खाडी दोन किलोमीटरवर. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. भुकटी खरवडल्यावर भोक दिसलं असं म्हणणार नाही. भोक दिसतच नाही, नखाला फक्त एक खड्डा लागतो.

पाइप काढून वागळे इस्टेटमधल्या आर्गन वेल्डिंगवाल्या काकांकडे नेला. त्यांनी आधी विचारलं, "आत तेल आहे?" होतं. तेलकट पाइपवर टाका धरत नाही, म्हणून परत घरी, आतून धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा. टाका सुरेख घातला. मी त्यांना लीक बंद करणाऱ्या त्या रेडीमेड कॅनबद्दल विचारलं तर नुसते हसले. माझंही तेच मत आहे. हवा आणि ओल लागली की घट्ट होणारं रसायन सिस्टममध्ये सोडायचं, आणि उद्या कोणी गॅस काढायचं मशीन लावलं की ते मशीनही बंद पाडायचं. गाडी विकून टाकायची असेल तरच.

मग शहाण्यासारखी टेस्ट. या वेळी सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, गेजच्या शेजारी थर्मामीटर चिकटवून. दुपारी दोनला धावत खाली गेलो. 35 अंश, आणि गेजवर 154. काटा हलला म्हणून इतका आनंद झालेला माणूस ठाण्यात दुसरा नसेल. दुसऱ्या सकाळी 27 अंश, 150.

(नायट्रोजन रेग्युलेटरशिवाय लावायचा नाही, हे शंभरदा झालंय, एकशे एकाव्यांदा. सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. आणि नायट्रोजन मिळाला नाही म्हणून ऑक्सिजन तर मुळीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.)

नवी ड्रायर बाटली (सिस्टममधली ओल शोषणारी), फायरवॉलला नव्या रिंगा, जुनीच कॉइल परत आत. कॉम्प्रेसर डेन्सोचा, म्हणून तेल एनडी-8. किती तेल घालायचं यावर वाद घालणाऱ्यांनी भाग 3 खाली घालावा. मग व्हॅक्यूम. बाहेरचे लोक व्हॅक्यूमचा काटा 29 इंचाला (पाऱ्याच्या) टेकला की पंप बंद करतात. पण 30 अंशांचं पाणी उकळायला लागतं तेच मुळी साधारण 28.7 इंचांना. म्हणजे काटा तिथे पोचतो तेव्हा ओल निघायला कुठे सुरुवात होते. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दमट हवेत उघडी पडलेली सिस्टम, त्यात पाणी शोषणारं पॅग ऑइल. पंप दोन तास चालू ठेवला, मायक्रॉन गेजवर (बारीक व्हॅक्यूम मोजणारं, आकडा जितका कमी तितकं चांगलं) 480 आले, पंप बंद करून अर्धा तास थांबलो तर 610 वर जाऊन स्थिर. हे गेज महाग पडलं, पण सगळ्या हत्यारांत मन लावून खरं बोलणारं हेच एक.

काल रात्री गॅस भरणार होतो. 500 ग्रॅम, वजनकाट्यावर. आधी हा भाग लिहून टाकावा म्हणून बसलो, आणि वरचा पट्टीचा परिच्छेद लिहिताना हात थांबला. त्या पाइपला पट्ट्या तीन आहेत. मी एकच सोडवली.

टॉर्च घेऊन खाली गेलो. दुसरी, हेडलाइटच्या मागची, ठीक, रबर शाबूत. तिसरी फायरवॉलच्या अगदी जवळ. सोडवली. तेच पांढरं कडं. गळत नाहीये, टेस्टमध्ये पास झालीय, पण नख फिरवलं की खड्डा लागतो. आणखी एक पावसाळा, फार तर दोन.

तर बेत बदलला. गॅस भरत नाही. एका पाइपावर दोन टाके नकोत, पाइपच नवा. कुर्ल्याला जुन्या गाडीचा शोधला तर त्यालाही वीस वर्षांची तीच पट्टी असणार. तुर्भ्याला एक जण एसीचे होज (रबरी पाइप) क्रिंप करून, म्हणजे तोंडं दाबून बसवून, देतो असं तुमच्यापैकीच कोणीतरी भाग 2 खाली लिहिलं होतं. दोन्ही टोकांची अॅल्युमिनियमची तोंडं कापून मध्ये बॅरियर होज (गॅस झिरपू न देणारा) टाकायचा विचार आहे. होजला पट्टी खात नाही आणि वळणही सोपं. ज्याने लिहिलं होतं त्याने पत्ता पुन्हा द्यावा. शनिवारी जातोय.

तोवर पाइप काढलाय आणि बाटलीसकट सगळी तोंडं लगेच डमी लावून बंद केलीत, नाहीतर नवा ड्रायर एका रात्रीत ठाण्याची हवा पिऊन बसेल. भरायला आणलेले दोन्ही कॅन कपाटात. घरी सांगितलं, अजून चार दिवस. बायकोने डॅशबोर्डवर टेबलक्लॉथ घातलाय.