डलहौसीच्या गावाला जाऊन आलो: कॅसल, कबर आणि वारसाची भानगड

एडिनबरोला जाणारे सगळे मोठा किल्ला बघतात, रॉयल माइलवर फिरतात नि परत येतात. मराठी माणसाने अर्धा दिवस काढून डलहौसी कॅसलला जावंच असं माझं मत आहे, कारण 1848 ला साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसी इथेच जन्मला (1812), इथेच वारला (1860) आणि त्याच्या स्वतःच्या किताबाचं पुढे काय झालं ते वाचलं की सातारकर, नागपूरकर दोघेही जरा गालात हसतील.

हे रॅमझी घराणं. 1400 साली इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या स्वारीत वेढा पडला तेव्हा यांनी हा किल्ला लढवला होता असं सांगतात. अर्ल हा सरदारकीचा किताब मिळाला 1633 मध्ये. आपला डलहौसी दहावा अर्ल, शिवाय पंजाब घेतल्यावर 1849 ला मार्क्विस झाला, म्हणजे बढतीच. पण मुलगा नाही, दोन मुलीच! आणि मार्क्विसपद फक्त मुलाच्या वंशाला, त्यामुळे तो गेला तसं तेही अकरा वर्षांतच संपलं. अर्लपद मात्र जुनं, ते सख्खा चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेलं (क्रिमियाच्या युद्धातला युद्धमंत्री तो हाच), त्यालाही मूल नाही, मग 1874 ला आणखी एक चुलतभाऊ, नौदलातला, बारावा अर्ल. म्हणजे भाऊबंदांत शोधून शोधून किताब चालू ठेवला, साताऱ्याला मात्र तेवढी सवलत नव्हती. दत्तक मुलाला अर्लपद त्यांच्याकडेही मिळत नाही हे खरं, पण तो नियम त्यांच्या घरचा, आपल्याकडे दत्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

आता जायचं कसं. वेव्हर्ली स्टेशनवरून ट्वीडबँकची ट्रेन पकडा, न्यूटनग्रेंजला उतरा, अर्ध्या तासाच्या आत पोचता. साधारण अर्ध्या तासाला गाडी असते पण रविवारी कमी, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. तिथून दोनेक किलोमीटर चालत, म्हातारी माणसं असतील तर टॅक्सी करा. कॅसल आता हॉटेल आहे, म्युझियम नाही, तेव्हा तिकीट काढून आत शिरलो असं होत नाही. राहायचं किंवा चहा-जेवणाचं बुकिंग करा, आणि जायच्या आधी फोन करून चालू आहे ना ते विचाराच. लालसर दगडाची इमारत बाहेरूनही झकास दिसते, खाली साउथ एस्क नदी. इथे एजवेल नावाच्या ओकच्या झाडाची दंतकथा आहे, त्याची फांदी पडली की घराण्यातलं कुणीतरी जातं म्हणे.

कबर जवळच, कॉकपेनच्या जुन्या पडक्या चर्चच्या आवारात. मॅपवर 'ओल्ड' बघूनच टाका, नवीन चर्च वेगळं आहे. बूट चांगले घाला, गवत ओलंच असतं.

वेळ उरला तर न्यूटनग्रेंजलाच कोळसाखाणीचं म्युझियम आहे, स्टेशनला लागूनच, पोरं बरोबर असतील तर त्यांना कॅसलपेक्षा तेच जास्त आवडेल.