बोर्नव्हिटाच्या बरणीतला येसर मसाला

गंगाखेडच्या आमच्या घरी टीव्हीखाली एक डीव्हीडी प्लेअर आहे, 2008 च्या दिवाळीत घेतलेला. त्याच्यावर आईनं क्रोशाचा रुमाल टाकलाय आणि रुमालावर गणपती बसवलाय, म्हणजे सीडी टाकायची तर आधी देव उचला. भाचा म्हणतो, मामा भंगारात द्या की हे. पण चालू वस्तू भंगारात द्यायची आमच्यात पद्धत नाही, आणि मोबाईलवर बघितलं की आईच्या डोळ्याला पाणी येतं.

तर आईला एक कीर्तन पाहिजे होतं, जनाबाईच्या अभंगावरचं. गंगाखेड जनाबाईचं गाव, बाकी कशावर आमचं एकमत नसलं तरी जनाबाईवर असतंय. मी डाऊनलोड केलं, पेन ड्राईव्हवर टाकलं आणि शनिवारी रेल्वेनं गेलो घेऊन, म्हणलं दोन मिनिटाचं काम आहे.

प्लेअरला पेन ड्राईव्हच दिसेना. मग आठवलं, ह्या जुन्या प्लेअरला तो फॅट32 मधेच, म्हणजे फायली मांडायच्या जुन्या पद्धतीनं, फॉरमॅट केलेला लागतो (त्यात एक फाईल 4 जीबीच्या वर जात नाही, पण कीर्तन काय एवढं मोठं नव्हतं). केला फॉरमॅट, फाईल पुन्हा टाकली. आता ड्राईव्ह दिसला तर फाईल दिसेना, कारण ती एमपी4. मग मी शहाणपणा केला, नावातलं एमपी4 खोडून एव्हीआय लिहिलं, आणि दिसली की फाईल! आई पदर सावरून बसली, मी ओके दाबलं, आणि स्क्रीनवर आलं 'अनसपोर्टेड'.

आता हे मला कळायला पाहिजे होतं. एव्हीआय, एमपी4, एमकेव्ही ही नुसती बरण्यांची नावं, आत काय भरलंय ते वेगळंच असतंय. आमच्या घरी बोर्नव्हिटाच्या बरणीत येसर मसाला असतो आणि लहानपणी एकदा मी तो दोन चमचे दुधात टाकून प्यालेलो आहे, म्हणजे हा धडा मला फार आधी मिळालेला, फक्त कामाला आला नाही. माझ्या बरणीत होतं एच.264, म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करायची एक पद्धत. ते ठरलं 2003 सालीच, पण आमच्या स्वस्तातल्या प्लेअरपर्यंत काही पोचलं नाही. त्याच्या चिपला डीव्हीडीचं एमपेग-2 येतं आणि पुढं स्टीकर लावलंय म्हणून डिव्हएक्स येतं, ह्या असल्याच दोन जुन्या पद्धती, बस. मोबाईलसारखं अपडेट मारून ह्याला नवीन काही शिकवता येत नाही.

मग रात्री लॅपटॉप लावला डिव्हएक्समधे कन्व्हर्ट करायला. दोन तासाचं कीर्तन, लॅपटॉप म्हातारा, बॅटरी मेलेली, म्हणजे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून, आणि लाईट गेलीच, अडतीस टक्क्याला. पुन्हा लावलं आणि त्या निळ्या पट्टीकडं बघत बसलो. फाईल झाली साधारण 700 एमबीची. पूर्वी डाऊनलोड केलेले पिक्चर नेमके एवढेच असायचे, का तर एका सीडीत बसावेत म्हणून. चित्राची साईजपण 720 बाय 576 च्या आत ठेवली, त्याच्या वर ह्या प्लेअरला झेपत नाही. झोपायला साडेतीन वाजले.

सकाळी लागलं! चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. फक्त आवाज जरासा मागं होता, म्हणजे महाराजांचं तोंड मिटायचं आणि मग "विठ्ठल" ऐकू यायचं. माझा जीव खालीवर. म्हणलं आई, आज रात्री पुन्हा करतो, नीट करून देतो.

"काय झालं?"

"अगं तोंड आणि आवाज जुळंना गेलाय, दिसंना का तुला?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. ती टीव्हीकडं पाठ करून, परातीत मेथी घेऊन निवडायली होती.

"मी कुठं बघायले, ऐकायले की. राहू दे, आवाज वाढव जरा."

एमपी3 हा प्लेअर पहिल्या दिवसापासून वाजवतोय. एका मिनिटाला साधारण 1 एमबी, म्हणजे एका सीडीत अकरा-बारा तासाचं कीर्तन बसलं असतं.