लुकबानचं पाहियास: किपिंग बघायचं तर पहाटे पोहोचा

फिलिपिन्सचे उत्सव म्हटले की सेबूचं सिनुलोग आणि कालिबोचं आती-आतिहान डोळ्यांसमोर येतं. दोन्ही जानेवारीतले, ढोल आणि नाचाचे. पण शेतीवर जीव असलेल्या माणसाने मे महिन्यात केसोन प्रांतातल्या लुकबानला जावं. बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं हे गाव शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या सणाला, म्हणजे 15 मेला, आपलं पीक घराच्या भिंतीवर मांडतं. वार कोणताही असो, तारीख हीच. या मांडणीला म्हणतात पाहियास.

भाताच्या ओंब्या, वांगी, चवळीच्या लांब शेंगा, केळीचे घड, ताडपत्राच्या विणलेल्या टोप्या, ज्याच्या घरी जे पिकतं किंवा बनतं ते दारात येतं. आणि या सगळ्यावर लाल, पिवळी, हिरवी, गुलाबी पानं लटकतात. ही पानं म्हणजे किपिंग, तांदळाची.

आपल्याकडच्या फेण्या ज्यांनी घातल्या आहेत त्यांना किपिंग लगेच कळेल. तांदूळ भिजवून वाटायचे, मीठ आणि खायचा रंग घालून पातळ पीठ करायचं. धुतलेल्या ताज्या पानावर ते पसरायचं, जास्तीचं निथळू द्यायचं आणि काही मिनिटं वाफवायचं. पान गार झालं की थर अलगद सोडवायचा. गरम असतानाच ओढला तर फाटतो. पीठ जाड लागलं तर शिरांचा ठसा उमटत नाही, आणि सगळी शोभा तर त्या ठशातच आहे. मग वजनाखाली दाबून सुकवायचं, नाहीतर कडा वळतात. उन्हाकडे धरून बघा, पानाची शीर न् शीर दिसते. शेकडो किपिंग एकात एक ओवून झुंबर करतात, त्याला अरान्या म्हणतात. सण झाल्यावर हेच किपिंग तळून किंवा भाजून खातात.

किपिंगचा वैरी म्हणजे पाऊस. मे महिन्यात तिथे दुपारनंतर सर कधीही येते, आणि भिजलेलं किपिंग मऊ पडून लोंबतं. म्हणून 14 तारखेला संध्याकाळीच पोहोचा. रात्रभर शिड्या लावून सजावट चालते, ती बघण्यासारखी असते. 15 ला सकाळी 6 ते 9 ही वेळ फोटोंसाठी सोन्यासारखी. त्यानंतर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही.

सान इसिद्रोच्या मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो, म्हणजे प्रत्येक आळीला सजावटीची पाळी मिळते. मागच्या वर्षीच्या फोटोंवरून खोली ठरवू नका, त्या वर्षीचा मार्ग नगरपालिकेच्या घोषणेतून बघून घ्या. गावात खोल्या मोजक्या आहेत आणि त्या फार आधी भरतात. न मिळाल्यास जवळच्या तायाबास किंवा लुसेनाला राहा. मनिलाहून लुसेनाची बस, तिथून लुकबानची जीपनी, म्हणजे तिथली लांबट शेअर जीप. सणाच्या दिवशी गाड्या गावाबाहेरच अडवतात, तेव्हा चालायची तयारी आणि सुटे पेसो जवळ हवेत.

खाण्यात पान्सित हाबहाब चुकवू नये. केळीच्या पानावर नूडल्स, वर व्हिनेगर, आणि पान तोंडाला लावून तसंच खायचं, काटा नाही, हात नाही. मात्र त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, लुकबानच्या लसणीच्या लोंगानिसात, म्हणजे तिथल्या सॉसेजमध्ये, तर असतंच. शाकाहारी माणसाने सुमान शोधावा: चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेला. कसाव्याच्या (ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या) बुदिन नावाच्या केकमध्ये अंडं असतं.

त्याच दिवशी तायाबासला मिरवणुकीत लोकांवर सुमान उधळतात आणि सारियायाला बांबूवर टांगलेले खाऊ लोक ओढून घेतात. एका दिवसात तिन्ही गावं गाठायच्या नादात लोक बहुतेक वेळ रस्त्यावरच घालवतात. एकच निवडायचं तर लुकबान. दुसरं जोडायचंच असेल तर तायाबास, ते लुसेनाच्या वाटेवरच आहे.

आणि एक, भिंतीवरची भाजी किंवा किपिंग आपल्या हाताने तोडू नका. मिरवणूक उरकली की काही घरं सजावट उतरवून लोकांत वाटतात, तोवर थांबा.