आपल्या शिवारातला खून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे मला सगळेच विचारतात. तालुक्याच्या वाचनालयातले काका, मीटिंगला भेटणारे बाजूच्या गावचे पोलीस पाटील, घरात माझी जाऊ. तुमचं कामच असं, मग घरी आल्यावर पुन्हा खुनाच्याच कादंबऱ्या कशा वाचवतात? आणि त्याही आपल्याच भागातल्या कशाला शोधता? जाऊ तर सरळ म्हणते, "काय वं बाई, इथचं कमी पडते काय तुले?"

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा गावची पोलीस पाटील. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ही जुन्या वतनाची पाटीलकी नव्हे. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमातलं हे पद आहे. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, उपविभागीय अधिकारी नेमणूक देतात. गावात काही झालं की ठाण्याला कळवायचं, आणि पोलीस येईपर्यंत जागा राखायची. राखायची म्हणजे काय, ते पुढं सांगते.

वाचवतात कशा, याचं उत्तर सोपं आहे. कादंबरी संपते. आमच्याकडे व्हिसेऱ्याचा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांच्या तपासणीचा, रिपोर्ट येईस्तोवर कधीकधी माणसाचं वर्षश्राद्ध होऊन जातं.

आपल्या भागातल्या का, हे जरा लांबीचं आहे.

लहानपणी वाचलेल्या सगळ्या रहस्यकथा मुंबईच्या. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या आणि त्यातल्या किती तालुक्याच्या वाचनालयात होत्या देव जाणे, पण कव्हर फाटून पुन्हा शिवलेल्या, पहिलं पान गायब, असल्या मी ओळीनं संपवल्या. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. पुढं गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. त्यातली मोटार कुलाब्याहून निघून गिरगावात किती वेळात पोचते याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी कुलाबाच बघितला नव्हता, तर लेखकाला पकडणार कुठं? तो म्हणेल ते खरं. आता वाटतं, तेव्हा मी रहस्यकथा वाचतच नव्हते, मुंबईची राजाराणी वाचत होते.

गोष्ट आपल्या गावची झाली की लेखकाची गाठ माझ्याशी पडते. पहिल्या दहा पानांत मला कळतं की हा इकडं येऊन गेला आहे की नकाशावर बोट ठेवून बसला आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, आणि प्रेत सापडतं उसाच्या फडात. आमच्याकडं ऊस नाही असं नाही, पुसद-उमरखेडच्या अंगाला आहे, पण दारव्हा-नेर-दिग्रस पट्ट्यात तुम्ही मला फड दाखवा. आणि ती माणसं बोलतात कशी? सगळी कोल्हापूरची! 'काय गं म्हातारे' म्हणतात. आमच्याकडं 'बुढे' म्हणतात, आणि तेही तोंडावर म्हणायची हिंमत पाहिजे.

बरं, भाषेचं सोडा. शेतीतली चूक मला माफ करवत नाही, कारण तिथं रहस्यच पडतं. खुनी जून महिन्यात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, लपून बसतो. कसा लपेल? मृगात टोबलेली सरकी तेव्हा दोन पानांवर असते, तिच्यात ससा दिसेल. पऱ्हाटीत माणूस बसला तर दिसत नाही हे ऑक्टोबरपासून पुढं खरं. उभा माणूस झाकायचा तर तूर पाहिजे. आमच्याकडं पऱ्हाटीच्या काही तासांमागं तुरीचं एक तास असतं, आणि डिसेंबरात फुलावर आलेली ती तूर डोक्याच्या वर जाते. ज्याला हे ठाऊक आहे तो लेखक नुसत्या तुरीच्या उंचीवरून साक्षीदाराला खोटा पाडू शकतो. "मी धुऱ्यावरून त्याले जाताना पायलं" (धुरा म्हणजे शेताचा बांध) असं जानेवारीत कोणी म्हणाला, तर त्याला आधी विचारायचं, मधात तूर उभी होती का सोंगली होती?

पावलांच्या ठशांचंही तसंच. बुटाच्या तळव्याची नक्षी मातीत उमटली आणि तेवढ्यावरून चोर सापडला, हे मुरमाड जागी चालत असेल. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय टाका. माती पायाला धरते, चार पावलांत चपलेखाली ढेकूळ तयार होतं, मग उमटतो तो ढेकळाचा ठसा. सगळ्या गावाचा सारखाच. उन्हाळ्यात त्याच जमिनीला मोबाईल गिळतील अशा भेगा पडतात.

विषाचा वास हा आणखी एक आवडता पुरावा. ग्लास हुंगला आणि तपास लागला. आमच्याकडं फवारणीच्या दिवसांत औषधाचा डबा दाराच्या कोपऱ्यात असतो, पंप अंगणात, फवारणी करून आलेल्याचे कपडे खुंटीला. वास सगळ्याच घरात आहे. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यांच्यातला कोणीच काही प्यायला नव्हता, अंगावरच्या औषधानं आणि श्वासानं गेले. त्यानंतर मला ग्लास हुंगणाऱ्या डिटेक्टिव्हचं हसू यायचं बंद झालं, रागच येतो.

मोबाईलच्या लोकेशनचं तर विचारूच नका. एका टॉवरवर आमची तीन-चार गावं. मारणारा, मेलेला, फौजदार आणि मी, सगळ्यांचं लोकेशन एकच.

मग तुम्ही म्हणाल, इकडं रहस्य लिहिताच येत नाही की काय. येतं. उलट इकडं असे धागे आहेत की शहरातल्याला सुचायचे नाहीत. रानडुकरांपायी लोक वावराला तार लावतात. झटका मशीन असलं तर ठीक, डुक्कर दचकून पळतं. पण काही जण थेट लाईनवर आकडा टाकून तारेत करंट सोडतात, आणि त्याला कधी डुकराऐवजी माणूस लागतो. जागलीला निघालेला, नाहीतर पहाटे वावराकडं गेलेला. अशा बातम्या विदर्भाच्या पेपरात दरसाल येतात. काही वेळा वावरवाला घाबरतो, तार गुंडाळतो आणि प्रेत उचलून नाल्यात नाहीतर दुसऱ्याच्या धुऱ्यावर नेऊन टाकतो. आता ज्याच्या धुऱ्यावर सापडलं त्याचं आणि मेलेल्याचं आधीपासून धुऱ्याचंच भांडण असेल तर? इथं डिटेक्टिव्हला भिंग नको. त्यानं वीज उपकेंद्रात जाऊन लॉगबुक उघडावं. शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. फीडर, म्हणजे गावाकडं येणारी लाईन, किती वाजता चालू झाला, किती वाजता ट्रिप होऊन बंद पडला, तिथं नोंद असते. मधल्या रात्री एकदाच ट्रिप झाला असेल, तर ती वेळ बघायची. शिवाय खुंट्या उपटल्या तरी मातीत भोकं राहतात, एका रेषेत, सारख्या अंतरावर. ही कादंबरी मी एका बैठकीत वाचीन.

आगगाडीतला खून मात्र आमच्याकडं कोणी लिहू नये. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला आता बंद आहे, पण चालू होती तेव्हा तिचा वेग असा, की खुनी खून करून उतरला असता, बोरं तोडली असती आणि चालत जाऊन पुन्हा त्याच डब्यात बसला असता.

हे झालं मजेचं. पण मी या कादंबऱ्या वाचते त्याचं खरं कारण निराळं आहे, आणि ते मला फार थोड्या पुस्तकांत सापडलं.

शहरातल्या गोष्टीत शेवटच्या पानापर्यंत प्रश्न एकच: केलं कोणी? गावात हा प्रश्न संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दिवेलागणीला पारावर नाव आलेलं असतं, पाणी भरताना बाया ते हळू आवाजात बोललेल्या असतात. पुष्कळदा नाव बरोबरही असतं. मग रहस्य कुठं आहे? ते आहे कागदावर. जे सगळ्यांना माहीत आहे ते कोण बोलेल, कोणापुढं बोलेल, आणि दोन-चार वर्षांनी कोर्टात उभं राहून तेच पुन्हा बोलेल का, यात खरा जीव टांगणीला लागतो.

जागा राखायची म्हणाले होते ना, ते ऐका. पुस्तकात पिवळी पट्टी बांधतात. इथं मी पोचते तेव्हा अर्धं गाव प्रेताभोवती उभं असतं. कोणीतरी अंगावर चादर टाकलेली असते, कोणी डोळे मिटवलेले असतात, एखाद्या बुढीनं तोंडात पाणीही घातलेलं असतं. ते चूक कसं म्हणू? माणूस गेला आहे. मी फक्त चादर कोणी टाकली आणि त्याआधी हात कसे होते, तेवढं वहीत लिहून घेते. मग पोलीस येतात, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. फौजदारी कायद्यातल्या कलमावरून त्याला पूर्वी 174 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 194 झालं. पंचनामा सुरू होतो आणि दोन पंच लागतात. मघापर्यंत खांद्याला खांदा लावून उभं असलेलं गाव त्या क्षणी पातळ होतं. एकाची गाय सुटलेली असते, दुसऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीत हवा गेलेली असते. जे सही करतात त्यांतलाही एखादा पुढं कोर्टात म्हणतो, "सही माहीच हाय साहेब, पण कागदात काय लिवलं व्हतं ते मले माईत नाही." त्याला फितूर म्हणून निकाली काढणं सोपं आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच बांधावरून त्याची बैलगाडी रोज जाते, हे लेखकानं लिहिलं पाहिजे.

बोलण्याची किंमत काय पडते, ते विदर्भाला वेगळं सांगायला नको. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. ते काही अंधारात, कोणाच्या नकळत झालं नव्हतं. आणि त्याआधी त्या घरातल्या बाईनं एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढं साक्षीदार म्हणून जबाब दिला होता. 'कोणी केलं' या प्रश्नावर उभी असलेली कादंबरी इथं पहिल्या पानावरच संपते, आणि सांगायचं सगळं त्याच्या पुढं उरतं.

गंमत म्हणजे आमच्या मुलखातली मला ठाऊक असलेली सगळ्यात जुनी गुन्ह्याची कादंबरी अशीच आहे. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज, निजामाच्या चाकरीत होता. वऱ्हाड तेव्हा निजामाकडंच. त्यानं एका ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी 1839 साली प्रसिद्ध केली. मुलानं ती मोबाईलवर उतरवून दिली, मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. त्यात अमरावती आहे, उमरखेड आहे. साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी नावं लिहिलेली, पण ओळखू येतात. वाटेवरच्या मुक्कामात गोडीगुलाबीनं सोबत करणारा ठग, आणि रस्ता मात्र माझ्या माहेरच्या एसटीचा! आता बघा, खुनी कोण हे पहिल्या पानापासून माहीत, तोच तर सांगतो आहे. तो सरकारचा माफीचा साक्षीदार आहे. ठगांचा बंदोबस्त मुळात अशा साक्षीदारांच्याच जोरावर झाला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही अडचण तीच होती, बोलेल कोण. साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं पुस्तक आहे, त्यातलं सगळं जसंच्या तसं घेऊ नये, पण वऱ्हाडातल्या गुन्ह्याची ही नस त्याला लागली होती हे मान्य करावं लागतं.

हल्लीची एकच घटना सांगते, जिची कादंबरी कोणी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन. आमच्याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगावच्या बाजूला 13 माणसांचे बळी टी-1 वाघिणीच्या नावावर लागले. तिला ओढायला परदेशी अत्तर शिंपडलं होतं, हे मी बनवून सांगत नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीनं मेली. गोळी कोणी झाडली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला माहीत होतं. वाद पडला तो यावर, की आधी बेशुद्धीचं इंजेक्शन खरंच मारलं होतं, की ते नंतर अंगात खोचलं. पुन्हा तेच बघा, केलं कोणी हे उघड, आणि भांडण सगळं कागदावर काय आलं याचं.

तुमच्या प्रश्नाला एक शेपूट होतं, उद्या तुमच्याच गावावर कोणी लिहिली तर वाचाल का? वाचीन, पण गावात बसून नाही. अकोल्याला बहिणीकडं जाऊन वाचीन आणि पुस्तक तिथंच ठेवून येईन. इथं माझ्या हातात दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाच जणी विचारतील, "त्यातला तो कोण वं, सांग ना." लेखकानं नाव बदललं, जात बदलली, गावाबाहेरची विहीर गावात आणली, तरी त्या ओळखणार. आणि पोलीस पाटलीण नुसती हसली तरी तो जबाब धरतात.