पाटीमागची भिंत

एका जुन्या इमारतीची केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

जुन्या इमारतींची हेरिटेज पाहणी करणं हे माझं काम. लोकांना वाटतं कमानी आणि कोरीवकामाचे फोटो काढत फिरायचं असतं, प्रत्यक्षात निम्मा वेळ पोटमाळ्यावर कबुतरांच्या घाणीत जातो आणि उरलेला तक्ते भरण्यात. तक्त्यात रकाने असतात, सौंदर्यमूल्य, ऐतिहासिक, वैज्ञानिक, सामाजिक. ऑस्ट्रेलियातल्या १९७९ च्या बर्रा चार्टरमुळे (जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी सनद) ही विभागणी रूढ झाली आणि ती चांगलीच आहे, फक्त बहुतेक लोक समोरच्या फुटपाथवर उभं राहूनच ती भरून टाकतात.

या इमारतीचं तसंच झालं होतं. भर बाजारातली तीन मजली व्यापारी इमारत, खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, सगळ्यात वर बंद पडलेलं गोडाऊन. इथे कोणी थोर माणूस जन्मला नाही, कसली सभा झाली नाही, आर्किटेक्ट कोण तेही माहीत नाही. आधीच्या पाहणीत शेरा होता, 'दर्शनी भागावर विद्रूप पाटी, मूल्य कमी'. त्यावर स्ट्रक्चरल ऑडिट आलं की विटा जीर्ण झाल्यात, पाडणं योग्य. मालक खूश. मग हेरिटेज समितीने सगळ्यांना एकत्र साइटवर बोलावलं.

विटा खराब होत्या हे खरं. दर्शनी भिंतीच्या खपल्या निघत होत्या, खाली लोणा, हात लावला की लाल पूड. पण मला आधी दिसल्या त्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे. विटांचा तोंडावळा आत गेलेला आणि दरजा मात्र जाळीसारख्या बाहेर! हे दिसलं की समजायचं, कधीतरी कोणीतरी 'मजबुती' म्हणून सिमेंटने दरजा भरल्यात. छन्नीने एक दरज उकरली, वरचा दोनेक सेंटीमीटर करडा दगडासारखा थर आणि त्याच्या मागे मूळ चुना, मऊ, पांढरा, एकदम शाबूत. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरलं तर ते दरजांतून सुकून बाहेर पडतं. वरून सिमेंट मारलं की ती वाट बंद, म्हणजे भिंतीला कायमचा रेनकोट घातल्यासारखं, घाम आतच. मग पाणी विटेतून वाट काढतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागाशी त्यांचे स्फटिक होतात आणि ते विटेची भाजलेली कडक कातडी उडवतात. कातडी गेली की आतली मऊ वीट उघडी पडते, मग काय, दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते. वीट म्हातारी झालेली नव्हती, तिच्यावर चुकीचा उपचार झाला होता, आणि हे दर दुसऱ्या जुन्या इमारतीत दिसतं तरी ऑडिटच्या साच्यात त्याला जागा नाही.

ऑडिट करणाऱ्या इंजिनिअर साहेबांना हे पटेना. तेव्हा मी म्हटलं, पाटी उतरवून बघू.

पाटी म्हणजे पत्र्याचा अवाढव्य बोर्ड, आता बंद असलेल्या दुकानाचा. सिमेंटवाल्या गवंड्याने ती काढण्याचा त्रास घेतला नव्हता, तिच्या कडेपर्यंत दरजा भरून विषय संपवलेला. बोर्ड खाली आला आणि मागे भिंत अशी की परांचीवरचा पोऱ्यासुद्धा 'आयला' म्हणाला. विटांच्या कडा धारदार, चुना जागच्या जागी. आणि विटांवर रंगवलेली अक्षरं, एकावर एक दोन दुकानांची नावं, खालच्या नावातली काही वरच्यातून डोकावणारी. इंजिनिअर म्हणाले, 'पाटीमुळे पाऊस लागला नाही, म्हणून टिकली.' मुद्दा रास्त होता. मग त्यांना मागच्या चौकात नेलं, तिथली भिंत उघड्यावर पाऊस खाते, पण मागच्या बाजूला कोण पैसे घालवतो, त्यामुळे सिमेंट नाही. तीही ठणठणीत. साहेबांनी फोटो काढले, बोलले काही नाहीत.

इथपर्यंत मी जिंकल्यासारखं वाटत होतं. पण मालकाचे सल्लागार हुशार, लगेच म्हणाले, 'मग दर्शनी भिंत ठेवतो, चुन्याने दुरुस्त करतो, मागे नवीन बांधतो.' आणि समितीतले अर्धे लोक माना डोलवायला लागले! आत कोणी गेलंच नव्हतं हो. आत लाकडी जिना आहे, त्याच्या पायऱ्या एकाच बाजूने झिजल्यात आणि वळणावरची भिंत कमरेच्या उंचीला गुळगुळीत झालीये, मालाच्या पेट्या घासून. वरच्या तुळईला अजून कप्पी आहे. लिफ्ट येण्याआधी वरचे मजले कोणाला नको असायचे (माणसांची ये-जा करणारी ओटिसची पहिली लिफ्ट न्यूयॉर्कच्या एका दुकानात लागली ती १८५७ साली), म्हणून वर माल, खाली गिऱ्हाईक. व्यापार कसा चालायचा हे ती इमारत आतून सांगते, दर्शनी भिंतीला त्यातलं फारसं माहीत नाही. पण ती भिंत फोटोत येते ना.

न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं तेव्हा एवढा गदारोळ झाला की १९६५ मध्ये त्या शहराला जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. ते भव्य होतं. आमच्यासारख्या इमारतींसाठी कोण रडणार, त्यांच्या बाजूने बोलायला फक्त तक्ता असतो.

रिपोर्टमध्ये मी जिना, तुळया, कप्पी सगळं धरून लिहिलंय, नुसती भिंत ठेवणं म्हणजे जतन नाही हेही लिहिलंय. निर्णय अजून झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर मला भिंतीपुरतंच मिळेल असं वाटतंय.

वाद मात्र भलत्याच शिफारशीवरून पेटलाय. ती अक्षरं ऊन-पावसात उघडी राहिली तर फिकी पडत जाणार, म्हणून मी सुचवलं की फोटो, मोजमाप झालं की पाटी परत लावा. १९६४ चं व्हेनिस चार्टर, म्हणजे वास्तूजतनाची आंतरराष्ट्रीय सनद, तर म्हणतंच की इमारतीत सगळ्या काळांनी जी रास्त भर घातली तिचा मान ठेवा. समितीतल्या एका सरांचा फोन आला, 'मॅडम, हेरिटेजवाल्या तुम्ही, आणि ती विद्रूप पाटी परत लावा म्हणता?' हो म्हटलं, सर, फक्त या वेळी बोल्ट विटेत नको, दरजेत मारायला सांगा.