त्यांचाच चहा का पिते? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, ज्यांनी तुमचे पैसे बुडवले, त्यांचाच चहा अजून पिता?"

दुकानात, हळदीकुंकवाला, अगदी माहेरीसुद्धा हे विचारून झालंय. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि टोचणी जास्त असते. आजवर मी विषय बदलत आले. आता लिहूनच टाकते.

पैसे एका चिनी कारखानदाराने बुडवले, त्याच्याकडून आम्ही खेळणी मागवायचो. चहा त्याने पिकवलेला नाही. त्याचा कारखाना शांतोऊ शहराच्या चंगहाय भागात, जिथे गल्लोगल्ली खेळणी बनतात. मी पिते तो चहा शेजारच्या चाओचौच्या फंगह्वांग डोंगरावरचा. डोंगर जवळपास १,५०० मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा ठेंगणा. तिथल्या ऊलोंगला, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चहाला, दानत्सोंग म्हणतात. चांगल्या झाडाची पानं इतरांत न मिसळता वेगळी खुडायची आणि वेगळीच तयार करायची, ही तिथली जुनी रीत. म्हणून वाणांना वासावरून नावं पडली आहेत. एक अनंताच्या फुलाच्या वासाचा, एक बदामाच्या. माझा मध आणि ऑर्किडच्या वासाचा, मि लान श्यांग.

"अत्तर घालतात का हो यात?" नाही. एक पाकळीसुद्धा घालत नाहीत. खुडलेली पानं उतरत्या उन्हात सुकवतात, मग रात्रभर बांबूच्या सुपांत थोड्या थोड्या वेळाने हलवतात. पानं एकमेकांवर घासून कडांना इजा होते, तेवढ्या कडा लालसर पडतात, मधला भाग हिरवट राहतो, आणि त्या इजेतूनच वास जागा होतो. हवा तसा वास आला की तापल्या कढईत परतून ती क्रिया थांबवायची, पानं वळायची, वाळवायची, नंतर मंद आचेवर भाजायची. कुणीतरी रात्र जागून नाकाने ठरवतं की आता पुरे. आपल्या दाणेदार चहाशी याची तुलना करू नका. तो दूध, साखर आणि आलं पेलायला बनलाय, आणि सकाळी मीही तोच पिते.

करायचा कसा तेही सांगते, कारण मी दिलेली पुडी लोक पातेल्यात उकळतात आणि कडू लागला म्हणून फोन करतात. झाकणाची छोटी वाटी मिळते, गायवान म्हणतात तिला. नसेल तर चिनी मातीचा लहान कप आणि वर बशी चालेल. १०० मिलिलिटरला ७-८ ग्रॅम पानं. फार वाटतात, पण तेवढीच लागतात. पाणी खळखळ उकळतं हवं, बोअरचं जड पाणी नको, त्यात वास मरतो. पहिलं पाणी घालून लगेच ओतून टाकायचं. दुसरं घातलं की पाच-सहा सेकंदांत सगळं कपांत उतरवायचं. वाटीत पाणी राहिलं की पुढचा घोट कडू झालाच. आणि एक कप भरून मग दुसरा, असं नाही. वाटी कपांवरून गोल फिरवत ओतायची, म्हणजे सगळ्यांना सारखाच मिळतो. झाकणाचा वास घ्या. गरम असतानाच प्या. आधी जिभेला कडवट धार लागेल, मग जरा वेळाने घशातून गोडवा वर येईल. त्याच्यासाठी थांबा. त्याच पानांवर पुढे थोडा थोडा वेळ वाढवत आठ-दहा पाणी निघतात. उपाशीपोटी मात्र नको.

तिकडे कप तीनच मांडतात, माणसं चार असोत की सहा. पिऊन झालं की कप उकळत्या पाण्यातून काढून पुढच्याला. नवा पाहुणा आला की जुनी पानं टाकून नवी घालायची. आणि रंग गेलेला चहा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याचा मान न राखणं.

२०१९ मधली खेप. रिमोटच्या गाड्यांची बॅटरीची झाकणं बसत नव्हती, दुकानदार माल परत आणून टाकत होते. मी फोटो, पावत्या, सगळं घेऊन चंगहायला गेले. ऑफिसात तोच मोठा टेबल, त्यावर चहाचं पाणी निथळायचं जाळीचं लाकडी तबक. मालक, त्याचे म्हातारे वडील, दुभाषी मुलगी आणि मी. मालक चहा करत होता. मी फोटो पुढे सरकवले, त्याने कप पुढे सरकवला. म्हणाला, पुढच्या ऑर्डरीत वळते करू. मी म्हटलं, पुढची ऑर्डर नाही, पैसे हवेत. तो पाणी घालत राहिला. सोनेरी रंग पिवळट झाला, मग तोही गेला. तरी तो त्याच पानांवर पाणी घालून माझ्यापुढे कप ठेवत होता. मी त्या भागात बरीच वर्षं जात होते, मला काय ते कळलं. दुभाषी मुलीने मान खाली घातली. मी फाइल बंद केली आणि उठले.

तोवर एक शब्द न बोललेल्या म्हाताऱ्याने मुलाच्या हातातून वाटी काढून घेतली. पानं टाकून दिली. कपाटातून वेगळा डबा काढला, वाटीत नवी पानं भरली, किटली चढवली आणि माझ्याकडे बघून एक वाक्य बोलला. तिथल्या तेओच्यू बोलीत. मुलगी हुनानची, तिला ती बोली येत नव्हती. तिने मुलाकडे पाहिलं, त्याने उलगडून सांगितलं नाही. मी बसले. म्हाताऱ्याने पहिला कप मला दिला. आभार मानायच्या तिथल्या रीतीप्रमाणे मी टेबलावर दोन बोटं हलकेच आपटली. तसा चहा मला पुन्हा कधी मिळाला नाही. तो करत राहिला, आम्ही पीत राहिलो, पैशांचं नाव कुणीच काढलं नाही. मुलगा फोनमध्ये बघत होता. निघताना म्हातारा फाटकापर्यंत आला.

घरी येऊन मी ठामपणे सांगितलं, वडील पैसे देववतील, त्यांनी पानं बदलली. पुढच्या फेब्रुवारीत खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, तिकडे कोरोना सुरू झालाच होता. जूनमध्ये गलवान झालं, वीस जवान गेले. महिनाअखेर वीचॅट या चिनी ॲपवर भारतात बंदी आली, आमचं सगळं बोलणं त्यावरच होतं. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं, म्हणजे आमचा तो धंदाच संपला. गलवानच्या त्या जूनमध्ये एका नातलगाने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून या चहाचा डबा कचऱ्यात टाकायला सांगितलं. मी टाकला नाही. त्याला उत्तरही दिलं नाही, कारण त्या दिवसात माझ्याजवळ खरंच उत्तर नव्हतं. आजही अर्धंच आहे.

तेव्हाची मी म्हणायची, पानं बदलली म्हणजे शब्द दिला. वर्षभराने मीच म्हणू लागले की ही सगळी खरेदीदाराला मऊ करायची रीत, बाप-लेकाने वाटून घेतलेली कामं. माझ्या नवऱ्याचं अजूनही हेच मत आहे आणि ते मला खोडून काढता येत नाही. पण मग मुलाचा चेहरा का उतरला होता? आणि एवढी चांगली पानं त्यासाठी कोण खर्ची घालतं? कदाचित म्हाताऱ्याला एवढंच वाटलं असेल की बाई घरातून फिका चहा पिऊन जाऊ नये. तेवढं त्याच्या हातात होतं, तेवढं त्याने केलं. ती पैशांची भरपाई होत नाही. मी ती भरपाई मानतही नाही.

चहा मी पिते कारण तो मला आवडतो. हे उत्तर कुणाला पुरत नाही, म्हणून एवढं लिहिलं. पैसे आले नाहीत. तो म्हातारा उद्या समोर आला तर आधी पैशांचं विचारायचं, की त्या दिवशी काय बोललात ते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.