आधी तारखा लावा

इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या आवारातल्या कडुलिंबापाशी अमझेरा संस्थानाचे राजे बख्तावरसिंह यांना १८५७ च्या उठावासाठी इंग्रजांनी १० फेब्रुवारी १८५८ ला फाशी दिलं. इंदूरच्या रेसिडेन्सीवरचा (इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावरचा) हल्ला झाला होता १ जुलै १८५७ ला, म्हणजे सात महिने आधी. त्या हल्ल्यात पुढे असलेल्या सादत खानांना तर थेट १८७४ मध्ये फासावर चढवलं. सतरा वर्षांनी!

उठावाच्या काळात सरकारनं केलेली हिंसा योग्य ठरू शकते का, हा वाद निघाला की आपल्याकडे लगेच तत्त्वं बाहेर येतात. त्याआधी तारखा लावून बघाव्यात. १ जुलैला तोफा धडधडत असताना रेसिडेन्सीतून उलट गोळ्या सुटल्या, त्यात गैर काढणं अवघड आहे. पण तिथला इंग्रज प्रतिनिधी कर्नल ड्युरँड त्याच दिवशी इंदूर सोडून सिहोरकडे निघाला. नंतरच्या फाशांना ‘जीव वाचवायला’ हे कारण पुरत नाही.

कायदेही बघा. ३० मे १८५७ च्या अकराव्या कायद्यानं बंडखोरांसाठी खास कमिशनर नेमायची सोय केली आणि त्यांचा निकाल अंतिम ठरवला. अपील नाही, म्हणजे चुकून दिलेली फाशी अडवणारं वर कुणीच नाही. बिघडतं ते इथेच. दोनच महिन्यांत, ३१ जुलैला, खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगला आपल्या अधिकाऱ्यांचा हात आवरणारा ठराव काढावा लागला. लढाई ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. त्यावर त्याच्याच लोकांनी त्याला ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून चिडवलं.

परकं सरकार होतं म्हणून असं, असंही नाही. फ्रान्समधलं सरकार क्रांतीतूनच आलेलं होतं. १० जून १७९४ च्या कायद्यानं त्यांनी आरोपीचा वकील काढून घेतला, साक्षीदार ऐच्छिक केले, आणि शिक्षा दोनच ठेवल्या: सुटका किंवा मृत्यू. २६ जूनला फ्लरसची लढाई जिंकली, सीमेवरचा धोका ओसरला. गिलोटिन मात्र थांबलं नाही. त्या कायद्यापासून त्या सरकारचा म्होरक्या रोबेस्पिएर सत्तेवरून पडेपर्यंतच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये १,३०० हून जास्त माणसं मारली गेली. आधीच्या चौदा महिन्यांतही एवढी गेली नव्हती.

जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला इशारा न देता सुमारे दहा मिनिटं गोळीबार चालला, १,६५० फैरी, त्याही पळणाऱ्यांवर. अमृतसरमध्ये मार्शल लॉ पुकारला तो १५ तारखेला.

आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (लागू झाली तीही १ जुलैलाच, २०२४) बळ कधी आणि किती वापरायचं याचा क्रम कलम १४८ आणि १४९ मध्ये आहे. आधी जमावाला पांगण्याचा हुकूम, न ऐकल्यास पोलीस बळ, तेवढ्यानं भागत नसेल तरच मॅजिस्ट्रेटच्या सांगण्यावरून सैन्य. आणि सैन्यानंही जमाव पांगवायला, माणसं पकडायला लागेल तेवढंच, कमीत कमी बळ वापरायचं. धडा शिकवणं यात कुठेच बसत नाही. बागेतल्या गोळीबारामागे दहशत बसवायचा हेतू होता, हे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरनं चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे लपवलंही नव्हतं.

अमझेऱ्याचं पुढे काय झालं? इंग्रजांनी ते संस्थान जप्त केलं आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकलं.